सोमवार, २६ मे: एका गोल्फ मैदानाच्या देखभाल वेळापत्रकाचं प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मैदानावरच्या नऊपैकी तीन ग्रीनवर (ग्रीन म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची, गवत अगदी बारीक कापलेली जागा) गवत म्हणावं असं काही उरलं नव्हतं. तिसरं, सहावं आणि आठवं. वर शेवाळाचा काळपट, बुळबुळीत पापुद्रा, खाली बोट सहज रुतेल अशी माती, आणि ती जरा उकरली की कुजक्या अंड्यांचा वास. क्लबच्या व्यवस्थापनाकडे कारणं तयार होती. २०२५ साली पाऊस विक्रमी लवकर आला आणि शेजारी टॉवर उभा राहिला. याला आपण काय करणार? देखभालीची फेरतपासणी करण्यासाठी मला बोलावलं ते याच प्रस्तावनेसह. पाऊस लवकर आला हे खरंच आहे. पण तोच पाऊस उरलेल्या सहा ग्रीनवरही पडला होता, आणि ती विरळ झाली असली तरी जिवंत होती.

मुंबईत गोल्फ जुना आहे. विलिंग्डन क्लब १९१८चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७चा. हे प्रकरण त्या दोघांपैकी कुणाचंही नाही. मैदान नऊ होलचं, साधारण पन्नास एकरांचं, खाडीपासून फार लांब नसलेलं. एवढी ओळख पुरे.

रोजचं काम आणि सोमवार

बाहेरच्या माणसाला वाटतं की गोल्फचं मैदान म्हणजे गवत कापायचं आणि पाणी मारायचं. कापणं हे रोजचं काम आहेच. पहाटे पाचला माळी ग्रीनवर येतात, दव झटकतात, हाताने ढकलायच्या मशीनने ग्रीन कापतात, कप हलवतात, बंकरांतली, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या खड्ड्यांतली, वाळू ओढून सारखी करतात आणि सव्वासहाला पहिला खेळाडू टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहायच्या आत बाजूला होतात. कप म्हणजे ते १०८ मिलिमीटर व्यासाचं भोक. ते रोज नव्या जागी गेलं नाही तर त्याच्याभोवतीचं गवत पायांखाली दोन-तीन दिवसांत मरगळतं. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा, आठवड्यातून तीनदा; त्याच्या कडेचं उंच गवत, म्हणजे रफ, जमेल तसं. ग्रीनवर गवताची उंची साडेतीन ते पाच मिलिमीटर, फेअरवेवर बारा ते पंधरा. एका कापणीत पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढायचा नाही, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि पावसाळ्यात सगळेच तो मोडतात, कारण दोन दिवस मशीन घालता आलं नाही की हरळी वाट बघत थांबत नाही.

खरी देखभाल वेगळीच असते आणि ती सोमवारी होते. सोमवारी मैदान बंद. फवारणी, उभी चिरकापणी, रोलिंग, वाळूचा थर देणं, पाण्याच्या लाइनची दुरुस्ती, जे जे खेळाडूंच्या पायांत येईल ते सगळं त्या एका दिवसात. वर्षात ५२ सोमवार असतात हे कागदावर. जून ते सप्टेंबरचे सोमवार जड कामाला उपयोगाचे नसतात. आणि ज्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी येते त्या दिवशी सभासदांना खेळायचं असतं, म्हणून मैदान उघडं राहतं. २०२५ साली ३१ मार्चला ईद, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि १२ मेला बुद्धपौर्णिमा, तिन्ही सोमवारी. म्हणजे ३१ मार्च ते १२ मे या काळातल्या सात सोमवारांपैकी तीन गेले. हे सात सोमवार मुंबईतल्या मैदानासाठी सगळ्यात मोलाचे, आणि वर्षाचं वेळापत्रक जानेवारीत लिहिताना कुणी कॅलेंडर शेजारी ठेवलं नव्हतं. १२ मे या तारखेसमोर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एरेशन, पहिला दिवस.

एरेशन कशासाठी

ग्रीन म्हणजे रोज कापलेलं, रोज तुडवलेलं गवत. माती घट्ट बसत जाते. वर मेलेल्या खोडामुळांचा एक थर साठतो, त्याला थॅच म्हणतात. थोडा असला तर चेंडू नीट झेलला जातो, पण सेंटिमीटरभराच्या वर गेला की पाणी तिथेच अडतं आणि मुळं खाली जायचं सोडून त्या थरातच फिरत राहतात. म्हणून वर्षातून एकदा-दोनदा पोकळ दात्यांच्या मशीनने ग्रीनला भोकं पाडायची, आतून निघालेल्या मातीच्या गोळ्या गोळा करायच्या आणि भोकांत वाळू भरायची. मैदानावर कुणी एरेशन म्हणत नाही. मुकादम म्हणतो, 'भोकं मारायची.'

इथे एक हिशेब सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बारा मिलिमीटरचे दाते, पाच-पाच सेंटिमीटर अंतर, आठ सेंटिमीटर खोली. अशाने ग्रीनचं साडेचार टक्के क्षेत्रफळ उघडं पडतं आणि दर चौरस मीटरला साडेतीन लिटरहून थोडी जास्त वाळू भोकांत जाते. नऊ ग्रीन आणि एक सरावाचं मिळून साडेचार हजार चौरस मीटर. म्हणजे नुसती भोकं भरायला सोळा घनमीटर. वरून दोन-अडीच मिलिमीटरचा थर द्यायचा तर आणखी दहा-अकरा. वजनात सगळी मिळून चाळीस टनांच्या घरात. आणि ही वाळू कोरडी हवी. ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच अडकते. वरून भरल्यासारखं दिसतं, आत पोकळी राहते, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती पोकळी बाजूच्या चिकट मातीने बुजते. मग मशीनचं भाडं, मजुरी, बंद ठेवलेला दिवस, सगळं पाण्यात.

वाळूही कुठलीही चालत नाही. पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यानचे दाणे जास्तीत जास्त हवेत. बांधकामाच्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असते. ती धुतलेली नसेल तर भोकं बुजवायला पावसाची वाट बघावी लागत नाही. नदीची वाळू पावसाळ्यात काढायला बंदी असते, त्यामुळे मे महिन्यात मागणी आणि भाव दोन्ही चढतात.

इथली ग्रीन जुन्या पद्धतीची आहेत. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली जी रचना प्रसिद्ध केली, म्हणजे तळाला दहा सेंटिमीटर खडी आणि वर तीस सेंटिमीटर वाळूचं मिश्रण, ती इथे नाही. जागेवरचीच माती, मुरूम आणि थोडी वाळू ढकलून उंचवटे केलेले. वर टिफड्वार्फ, हरळीचीच संकरित, बुटकी जात, १९६५ साली जॉर्जियातल्या टिफ्टनहून बाहेर पडलेली. अशा मातीच्या ग्रीनला पावसाआधीचं एरेशन ऐच्छिक नसतं. वाळूच्या ग्रीनवर एखादं वर्ष चुकलं तर चालून जातं. इथे नाही.

आणि वेळ पावसाआधीचीच का? हरळी वाढते ती २७ ते ३५ अंशांत. डिसेंबर-जानेवारीत मुंबईच्या रात्री सोळा-सतरा अंशांवर येतात तेव्हा ती झोपत नाही, पण मंदावते, आणि भोकं भरून यायला महिना लागतो. एप्रिल-मेमध्ये हेच काम दहा ते पंधरा दिवसांत होतं. ऊन भरपूर, पाणी आपल्या हातात. मुकादम खेडकडचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी मला हे वेगळ्या भाषेत सांगितलं. 'साहेब, आमच्याकडे धूळवाफ पेरतात ती उगाच नाही. रोहिणी लागायच्या आत कोरड्यात काम आटपायचं. चिखल झाल्यावर नुसतं बघत बसायचं.'

मे महिन्यात काय घडलं

१२ मे सुट्टीचा निघाला. काम १९ मेवर गेलं. १९ मेला क्लबच्या कॅप्टनांनी हरकत घेतली, कारण २४ आणि २५ मेच्या शनिवार-रविवारी क्लबची उन्हाळी ट्रॉफी होती. एरेशन झालेल्या ग्रीनवर चेंडू पाच-सहा दिवस उड्या मारतो, प्रायोजकांचे पाहुणे येणार, ग्रीन वेगवान हवीत. मैदानाची देखभाल सांभाळणाऱ्या सुपरिंटेंडंटने लेखी विरोध नोंदवला नाही. तोंडी सांगितलं, तेही एकदाच. तारीख ठरली सोमवार, २६ मे. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. मध्ये सोळा दिवस होते, म्हणजे कागदावर काम बसत होतं.

त्या वर्षीचा मे महिना मात्र सुरुवातीपासून ओलाच होता. ६-७ मेला वादळी सरी झाल्या. १३ मेला मोसमी वारे अंदमानात पोचले. २०-२१ मेला मुंबईत पुन्हा जोरदार पाऊस. २४ मेला केरळात मोसमी पावसाचं आगमन जाहीर झालं. त्याच दिवशी आमच्या मैदानावर साडेतीन मिलिमीटरला कापलेल्या ग्रीनवर ट्रॉफीची पहिली फेरी चालू होती. रविवारी बक्षीस समारंभ उरकला. रात्रीपासून जो पाऊस लागला तो सोमवारी सकाळी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात शिरला. २६ मेला हवामान खात्याने मोसमी पाऊस मुंबईत आल्याचं जाहीर केलं. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. आधीचा विक्रम १९५६च्या २९ मेचा. कुलाब्यात त्या मे महिन्याचा पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला आणि १९१८ सालचा २७९.४चा उच्चांक मोडला.

एरेशनचं मशीन त्या सकाळी टेम्पोतून गेटवर आलं आणि न उतरवता परत गेलं.

यापुढे एक महत्त्वाची गोष्ट घडली, जी क्लबच्या अहवालात एका ओळीत होती. पहिल्या धडाक्यानंतर पाऊस थांबला. जूनचा पहिला पंधरवडा बराचसा उघडिपीचा, दमट उकाड्याचा गेला. मशीनवाल्याकडे इतरांचीही कामं रद्द झाल्याने मशीन रिकामं होतं. सुपरिंटेंडंटने ही संधी बरोबर ओळखली. पोकळ दात्यांचं काम आता शक्य नव्हतं, वाळू भिजली होती. त्याने आठ मिलिमीटरचे भरीव दाते लावायचं ठरवलं. त्यात माती बाहेर निघत नाही, वाळूही लागत नाही, नुसती हवा-पाण्याला वाट होते. ग्रीन समितीचं मत 'आता ऑक्टोबरलाच बघू' असं होतं, तरी त्याने मंजुरी मिळवली. माझ्या मते त्या संपूर्ण वर्षातला हा सर्वात चांगला निर्णय.

सहा ग्रीनवर काम झालं. तिसरं, सहावं आणि आठवं इतकी मऊ होती की मशीनची चाकं रुतत होती, म्हणून ती सोडली. ज्यांना गरज जास्त, तीच राहिली. यामुळे एक अडचण होते: सहा वाचली आणि तीन गेली, याचं सगळं श्रेय भरीव दात्यांना देता येत नाही. ती तीन मुळातच दुबळी होती.

तीन संशयित आणि एक कारण

पहिला संशयित पाऊस. त्याबद्दल वर म्हटलंच.

दुसरा टॉवर. समितीत टॉवरचा मुद्दा फार लोकप्रिय होता, कारण तो कुणाच्याच अंगावर येत नव्हता. टॉवर मैदानाच्या दक्षिणेला, सुमारे १२० मीटर उंच. आठवं ग्रीन त्याच्या उत्तरेला ऐंशी मीटरवर. आता मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे जून-जुलैच्या भर दुपारी दक्षिणेकडच्या टॉवरची सावली आठव्या ग्रीनकडे येतच नाही. डिसेंबरात गोष्ट उलटते. दुपारचा सूर्य क्षितिजावर जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि १२० मीटरच्या इमारतीची सावली ११० मीटर उत्तरेकडे जाते. हिशेब केला तर आठवं ग्रीन नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सावलीत राहतं. टॉवरचा त्रास आहे, पण तो थंडीतला आहे. त्याने आठवं ग्रीन अशक्त होऊन मार्चमध्ये आलं असणार. जुलैत ते मेलं ते टॉवरमुळे नाही. शिवाय तिसऱ्या आणि सहाव्याजवळ टॉवर नाहीच; तिथे पूर्वेला जुने पर्जन्यवृक्ष आहेत, ज्यांचा पसारा पावसाळ्यात गच्च होतो. सकाळचं ऊन, म्हणजे रात्रभर भिजलेलं पातं सुकवणारं ऊन, ते या दोन ग्रीनला दहाच्या आत मिळत नाही. ढगाळ जुलैमध्ये जे थोडं ऊन निघतं त्यातलंही निम्मं झाडं घेतात. हरळीला सावली सोसत नाही, आणि साडेतीन मिलिमीटरला कापलेल्या हरळीला तर अजिबात नाही.

तिसरी संशयित ट्रॉफी. मैदानावरच्या कामगारांचं आणि खरं सांगायचं तर सुपरिंटेंडंटचंही मत हेच होतं की ट्रॉफीने घात केला. त्यात तथ्य आहे, पण वेगळ्या ठिकाणी. ट्रॉफीसाठी खाली आणलेली कापणीची उंची २० जूनपर्यंत तशीच राहिली. सभासदांना वेग आवडला होता. उंची पहिल्या पावसालाच पाच मिलिमीटरवर न्यायला हवी होती. पातं म्हणजे गवताची चूल. ढगाळ दिवसांत तीच लहान ठेवली तर मुळांना खायला काही मिळत नाही. जुलैत मी कापलेल्या नमुन्यांत मुळं तीन सेंटिमीटरच्या खाली गेलेली नव्हती, थॅच पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास होता आणि चार सेंटिमीटरवर काळा पट्टा. पाणी साचून हवा संपली की मातीतले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, ते लोहाशी मिळून काळं पडतं, वास त्याचाच. जमिनीत घुसवलेल्या कड्यात पाणी ओतून पाहिलं तर चौथ्या ग्रीनवर ते डोळ्यांदेखत उतरत होतं. सहाव्यावर तासाभराने निम्मं तसंच होतं. गवत विरळ झालं की उघड्या ओल्या मातीवर शेवाळ बसणार, त्यात आश्चर्य नाही. मँकोझेब या बुरशीनाशकाच्या फवारणीने ते तात्पुरतं सुकतं, पण खाली पाणी तुंबलेलं असेल तर आठवड्यात परत.

आता एरेशन पुढे ढकललं गेलं, तेही ट्रॉफीमुळेच, असं सगळे धरून चालले होते. मी भांडारातल्या चलनांची फाइल मागितली. वाळूचा पहिला ट्रक आला होता २२ मेला.

म्हणजे ट्रॉफी नसती आणि १९ मेला मैदान रिकामं मिळालं असतं, तरी भोकांत घालायला वाळू नव्हती. १२ मेला सुट्टी नसती तरी नव्हती. ५ मेचा सोमवार पूर्ण मोकळा होता, सुट्टी नाही, स्पर्धा नाही, आणि तरी त्या दिवशी काम झालं नसतं. वाळू २२ मेला का? कारण खरेदीचा आदेश एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सही झाला. तो तेव्हा का? कारण नव्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक एप्रिलच्या सभेत मंजूर होतं, त्याआधी मोठी खरेदी करायची नाही हा क्लबचा शिरस्ता. मग तीन दरपत्रकं, मग सही, मग मे महिन्यात चढलेल्या भावावर पुरवठादाराची घासाघीस. आणि आलेली वाळू उघड्यावर ताडपत्रीखाली उतरवली गेली. ताडपत्री वरून पाऊस अडवते, खालून वाहत आलेलं पाणी नाही. २६ तारखेला ढिगाचा तळ ओला गच्च होता.

मार्चअखेरचा हिशेब आणि मेच्या सुरुवातीची भोकं यांचा संबंध कुठल्याच बैठकीत कुणी जोडला नव्हता, कारण एक विषय खजिनदारांचा आणि दुसरा मुकादमांचा. दोघं एका टेबलाशी कधी बसतच नाहीत. ट्रॉफीवर खापर फुटलं कारण ती सगळ्यांना दिसत होती. वाळूची फाइल कुणाला दिसत नव्हती.

जुलै ते ऑक्टोबर

मेलेली ग्रीन पावसात जिवंत करता येत नाहीत. तीन ग्रीन बंद केली आणि त्यांच्या पुढ्यात फेअरवेवर तात्पुरती ग्रीन कापली. कुरकुर झाली. मी इतकंच सांगितलं की पुढचे दोन महिने त्या तिघांवर पाय पडला तर नोव्हेंबरही हातचा जाईल. बाकी सहांवर कापणी पाच मिलिमीटर, हलक्या मशीनने, पाऊस नसेल त्याच दिवशी. पावसात नत्र वाहून जातं म्हणून खत थोडं थोडं, वारंवार, आणि पालाशावर भर. कप नेहमी उंच, निचऱ्याच्या कडेला.

एक छोटी लढाई बंकरांची होती. जोराच्या प्रत्येक पावसानंतर बंकरच्या उतारावरची वाळू खाली वाहून येते आणि निम्मे माळी अर्धा दिवस ती फावड्याने वर चढवत बसतात. संध्याकाळी पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. पाणी भरलेले बंकर समितीने दुरुस्तीखालची जागा म्हणून जाहीर करायचे, अशी सोय खेळाच्या नियमांतच आहे. ती वापरा आणि माणसं गटारांवर लावा, हा माझा आग्रह होता. मैदानाचं पाणी एका पाइपातून बाहेरच्या नाल्यात जातं आणि मोठी भरती असली की नाल्याचं पाणी उलटं मागे येतं. तेव्हा आतली चर गाळाने भरलेली असून चालत नाही. १९ ऑगस्टला, ज्या दिवशी चेंबूरजवळ मोनोरेल अडकून प्रवाशांना शिडीने उतरवावं लागलं, त्या दिवशी दुसऱ्या फेअरवेचं तळं झालं होतं. भरती ओसरल्यावर ते रात्रीत उतरलं. चर साफ नसती तर दोन दिवस राहिलं असतं.

हुमणीचा उल्लेख करून पुढे जातो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हाच प्रकाश सापळे लावले तर अळीचा त्रास कमी होतो. या मैदानावर ते केलं जातं आणि चांगलं केलं जातं.

ऑगस्टअखेर गणपती. २७ तारखेची चतुर्थी, आणि माळ्यांपैकी निम्म्याहून जास्त कोकणातले. शिमगा, मे आणि गणपती या तीन वेळा माणसं गावी जाणार हे ब्रह्मवाक्य धरून वेळापत्रक करायचं असतं. जुन्या वेळापत्रकात गणपतीच्या आठवड्यात 'नर्सरीतून रोपण' लिहिलेलं होतं. कोण करणार होतं कोण जाणे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस माघारी गेला. १३ ऑक्टोबरच्या सोमवारी मशीन उतरलं. पुढचा सोमवार दिवाळीचा होता, त्यामुळे दुसरी तारीख नव्हतीच. या वेळी वाळू सप्टेंबरात मागवून जुन्या कॅडी शेडमध्ये, लाकडी फळ्यांवर ठेवलेली होती. दोन दिवसांत दहाही ग्रीनवर पोकळ दाते फिरले. मेलेल्या तिघांवर थॅचसकट वरचा थर खरवडला, काळा पट्टा फोडायला खोल दाते वापरले आणि नर्सरी ग्रीनमधून हरळीच्या चकत्या आणून लावल्या. दिवाळीच्या आसपास अवकाळी सरी आल्या. तेव्हा भोकं भरलेली होती, पाणी आत गेलं. सहा ग्रीन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण बुजली. तिसरं आणि सहावं महिनाअखेरीस उघडलं. आठव्याला टॉवरची सावली लागली आणि ते डिसेंबर उलटून गेला तरी लंगडतच आहे. तिथे दुपारची सावली फेब्रुवारीपर्यंत हलणार नाही.

नवं वेळापत्रक

नवा कागद आम्ही मागून पुढे लिहिला, आणि सुरुवात वाळूपासून केली. खरेदी चालू वर्षाच्या अंदाजपत्रकातून, जानेवारीतच. माल फेब्रुवारीअखेर शेडमध्ये. खजिनदारांना यात अडचण वाटली नाही. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मशीनवाल्याकडे एक नाही, दोन तारखा आगाऊ: २०२६साठी २७ एप्रिल आणि राखीव ४ मे. दोन्ही सोमवार सुट्टीचे नाहीत, हे या वेळी कॅलेंडरात पाहिलं. तारीख चुकलीच तर काय, हेही लिहून ठेवलं. मोसमी वारे अंदमानात पोचल्याची बातमी आली आणि पोकळ दात्यांचं काम झालेलं नसेल, तर ते रद्द, त्याच आठवड्यात भरीव दाते, आणि मऊ ग्रीनपासून सुरुवात. कापणीची उंची तारखेवर नाही, पावसावर: सलग दोन दिवस पंचवीस मिलिमीटरच्या वर पडला की दुसऱ्या सकाळी मशीन पाच मिलिमीटरवर. त्यासाठी क्लबहाउसमागे एक साधं पर्जन्यमापक बसवलं. मुकादम रोज सकाळी आकडा फळ्यावर लिहितात.

सुपरिंटेंडंटला एक अधिकार लेखी मिळाला: देखभालीची ठरलेली तारीख स्पर्धा समितीला हलवायची असेल तर त्याचं लेखी मत जोडल्याशिवाय हलणार नाही. त्यावर चर्चा सर्वांत लांबली. एका ज्येष्ठ सभासदाचं म्हणणं होतं की क्लब खेळाडूंचा आहे, गवताचा नाही. कॅप्टनांनी शांतपणे जुलैचे फोटो टेबलावर ठेवले.

पर्जन्यवृक्षांच्या फांद्या कमी करायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तिसऱ्या आणि सहाव्या ग्रीनच्या पूर्वेकडच्या फांद्यांसाठी अर्ज दिला आहे. झाडं तोडायची नाहीत यावर सगळ्यांचं एकमत आहे. सकाळी नऊच्या आत ऊन आत येईल इतकीच मोकळीक हवी. आठव्या ग्रीनसाठी मात्र फांद्या छाटून काही होणार नाही. ते वीस-पंचवीस मीटर उत्तरेला सरकवायचं की थंडीभर तात्पुरत्या ग्रीनवर खेळायचं, यावर समितीत दोन तट आहेत. माझं मत सरकवण्याच्या बाजूने आहे. एकदाचा खर्च, पण दरवर्षी तीन महिने आजारी ग्रीन सांभाळण्याची मजुरी वाचते.

उन्हाळी ट्रॉफी २०२६साठी २३ आणि २४ मेलाच ठेवली आहे. २७ एप्रिलला पाडलेली भोकं तोवर बुजलेली असतील, त्यामुळे तारीख बदलायचा मुद्दा कुणी काढला नाही.